चौथऱ्यावरची कला आणि समोरचे दार

ऑपेरा, वाद्यवृंद, बॅले, नाटक आणि संगीतशिक्षण यांना सुमारे १६ एकरांच्या एकाच आवारात आणणारे न्यूयॉर्कचे लिंकन सेंटर १९६०च्या दशकात उभे राहिले, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी मुख्य इमारती रस्त्याच्या पातळीवर न ठेवता एका चौथऱ्यावर मांडल्या. कोलंबस अव्हेन्यूवरून येणाऱ्या प्रेक्षकाने पायऱ्या चढून रहदारी मागे टाकावी, कारंज्याच्या चौकात यावे आणि मग मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या उंच कमानींना सामोरे जावे, अशी ती योजना होती. कलेकडे जाताना माणसाने थोडे वर चढावे ही कल्पना पुरातन आहे आणि तिच्यात एक भारदस्त सौंदर्यही आहे. परंतु ज्याला चढताच येत नाही त्याला त्या कल्पनेत जागा नव्हती, आणि ही निव्वळ नजरचूक होती असे म्हणवत नाही.

म्हणवत नाही, याचे कारण त्या जमिनीच्या इतिहासात आहे. येथे पूर्वी सॅन हुआन हिल नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबांची दाट वस्ती होती. जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक याच परिसरात वाढले. रॉबर्ट मोझेस यांच्या अध्यक्षतेखालील शहराच्या वस्ती-निर्मूलन समितीने १९४९च्या गृहनिर्माण कायद्याचा आधार घेऊन हा भाग गलिच्छ वस्ती म्हणून पाडण्यासाठी निवडला, ७,००० हून अधिक कुटुंबे विस्थापित झाली, आणि १४ मे १९५९ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते नव्या संकुलाचे भूमिपूजन झाले. संकुलाने तोंड पूर्वेला कोलंबस अव्हेन्यूकडे केले आणि पश्चिमेला ॲमस्टरडॅम अव्हेन्यूकडे भिंत उभी केली. त्या भिंतीसमोरच रस्त्यापलीकडे ॲमस्टरडॅम हाउसेस ही सार्वजनिक गृहवसाहत आहे. पूर्वेचा चौथरा आणि पश्चिमेची भिंत एकाच मनातून आलेली आहेत. त्या मनापुढे जो प्रेक्षक होता तो धडधाकट होता, सुस्थितीत होता आणि बहुधा मोटारीतून उतरत होता.

म्हणूनच अशा संकुलाच्या सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला वास्तूचा आणि तेथील सेवेचा उपयोग इतरांच्या बरोबरीने आणि कोणाच्या मेहेरबानीवाचून करता येण्याचा प्रश्न, रॅम्प आहे की नाही एवढ्यावर मिटत नाही. अमेरिकेत १९६८च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशाने बांधलेल्या इमारतींपुरते, १९७३च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांपुरते आणि १९९०च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टने खासगी नाट्यगृहांपर्यंत हे बंधन नेले. त्याच्या मानकांनुसार रॅम्पला एक फूट उंचीसाठी किमान १२ फूट लांबी द्यावी लागते. हे माप पाळूनही व्हीलचेअरवरील प्रेक्षकाला आडबाजूच्या दाराने, रखवालदार किल्ली आणेपर्यंत थांबवून आत घेता येते, आणि जुन्या वास्तूंत असे सर्रास घडत आले आहे. अशा प्रवेशाने माणूस आत पोहोचतो. आपण येथे अपेक्षित नव्हतो, हेही त्याला पोहोचण्याआधीच कळलेले असते.

या दृष्टीने डिलर स्कोफिडिओ अँड रेन्फ्रो या वास्तुरचनासंस्थेने २०१०च्या सुमारास पूर्ण केलेला कोलंबस अव्हेन्यूवरील बदल महत्त्वाचा वाटतो. पदपथ आणि चौक यांच्या मध्ये आडवा येणारा मोटारींचा रस्ता त्यांनी खाली नेला, पायऱ्या थेट पदपथापर्यंत आणल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काचेच्या छताखाली उतार दिले. चौथरा हटला नाही, पण चढणारा आणि चाकांवरून येणारा हे दोघे आता एकाच दिशेने, एकमेकांना दिसत, एकाच चौकात शिरतात. एवढ्याने त्या प्रवेशाचा अर्थ पालटतो.

दाराइतकाच निर्णायक, पण क्वचितच चर्चेत येणारा भाग तिकिटाचा आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये केलेल्या नियमांनुसार व्हीलचेअरच्या जागांची विक्री इतर जागांच्याच वेळी आणि त्याच मार्गांनी करावी लागते, त्या विभागातील अन्य जागांपेक्षा जास्त दर लावता येत नाही, अपंगत्वाचा दाखला मागता येत नाही, आणि जागा शिल्लक असतील तर त्याच रांगेत लागून तीन तिकिटे सोबत्यांसाठी घेता येतात. या शेवटच्या तरतुदीमागची समज खोल आहे. नाटकाला माणूस सहसा कोणाबरोबर तरी जातो, मध्यंतरात बोलतो, आवडलेल्या जागी शेजाऱ्याकडे पाहतो. त्याला कडेला एकटे बसवून घरच्यांना दहा रांगा पुढे धाडले तर त्याने प्रयोग पाहिला असेल, पण संध्याकाळ त्याच्या हाती लागलेली नसते.

सुगम्यतेने कला पातळ होते, असा आक्षेप उघडपणे नसला तरी दबक्या आवाजात घेतला जातो. मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९९५ मध्ये आणलेली मेट टायटल्स ही व्यवस्था त्याला पुरेसे उत्तर आहे. प्रत्येक प्रेक्षकासमोर, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर गायल्या जाणाऱ्या शब्दांचा अनुवाद उमटतो, शेजारच्याला ती अक्षरे खुपू नयेत अशी काचेची योजना असते, आणि ज्याला नको त्याने ती बंद ठेवावी. ही सोय इटालियन वा जर्मन न कळणाऱ्यांसाठी झाली, तरी ऐकू कमी येणाऱ्यालाही तिचा आधार मिळतो. रंगमंचावरील हालचाल अंध प्रेक्षकाच्या कानात शब्दांनी पोहोचवणारे ध्वनिवर्णन, किंवा स्वमग्न मुलांसाठी दिवे पूर्ण न मालवता, आवाज बेताचा ठेवून आणि ये-जा करण्याची मुभा देऊन केलेले मोकळे प्रयोग, यांतही मूळ कृतीचा स्वर ढळत नाही. ढळते ती प्रेक्षकाने कसे बसावे याविषयीची शिस्त, आणि ती शिस्त म्हणजे कला नव्हे. व्हीलचेअरसाठी जागा सोडल्याने खुर्च्या कमी होतात, हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. संकुलातील वाद्यवृंदाचे सभागृह, डेव्हिड गेफन हॉल, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा त्यातील जागा २,७३८ वरून सुमारे २,२०० वर आणल्या होत्या आणि मंच २५ फूट पुढे सरकवला होता. नादगुणासाठी आणि वादकांशी जवळिकीसाठी एवढ्या खुर्च्या सोडणे रास्त ठरत असेल, तर चाकांच्या खुर्चीसाठी काही सोडणे परवडत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

संकुलाच्या सीमेपाशी मात्र त्याचे स्वतःचे अधिकार संपतात. ६६व्या रस्त्यावरील भुयारी रेल्वेस्थानकात लिफ्ट आहे. शहरातील ४७२ पैकी बहुसंख्य स्थानकांत नाही, आणि २०२२च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तेव्हा सुगम्य नसलेल्यांपैकी ९५ टक्के स्थानके सुगम्य होण्यासाठी २०५५ साल उजाडणार आहे. शहराच्या ब्रॉन्क्स भागातील लिफ्ट नसलेल्या स्थानकाजवळ राहणाऱ्याला, तोवर, कोलंबस अव्हेन्यूवरील सुबक उतार असून नसल्यासारखा आहे.

पश्चिमेची भिंत पाडून तिच्या आतील डॅमरोश पार्क या उद्यानाची पुनर्रचना करण्याची योजना लिंकन सेंटरने २०२५ मध्ये जाहीर केली. तेथे ॲमस्टरडॅम अव्हेन्यूच्या पदपथावरून सपाट, रुंद आणि दिवसभर उघडी वाट मिळाली पाहिजे, आणि ती कोणत्या ठिकाणी निघावी हे ठरवताना समोरच्या वसाहतीतील रहिवाशांचा, त्यांतही वृद्धांचा आणि दिव्यांगांचा, शब्द आराखड्यावर उमटला पाहिजे.