पहिल्या दिवशी कोणाच्या चालीने चालायचे?



शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या धर्मग्रामात प्रवासाचे बेत सुरू होतात. बहुतेक घरांतली मुले मामाच्या गावाला जातात. कुणाची वेलंकणीची गाडी ठरते, कुणी जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाऊन येतो. अलीकडे लासूर स्टेशनवरून मनमाडमार्गे मुंबई आणि तेथून विमानाने थेट परदेश गाठणारी एखाद-दुसरी जोडपीही आपल्यात दिसू लागली आहेत. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, मुले मार्गी लागली, म्हणून चार मित्र आपापल्या पत्नीसह बँकॉकला किंवा दुबईला जायचे ठरवतात.

पु. ल. देशपांडे यांचे परदेशप्रवासाचे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नाव 'अपूर्वाई' होते. त्या काळी परदेशी जाणे ही खरोखरच अपूर्वाई होती. आज पूर्वीच्या मानाने ते सोपे झाले आहे आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाने मौजेवर पैसे घालवावेत का, असे काही जण विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून, किंवा घरातल्या म्हाताऱ्यांची औषधे थांबवून केलेली सहल कोणीच योग्य म्हणणार नाही. पण कष्टाच्या पैशातून घेतलेली विश्रांती हे पाप नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ग्रंथात संत योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना ते रुचले नाही. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले आणि विचारले, असे तुला सतत करता येईल का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले.

तेव्हा सहलीला जावे की नाही, हा आमचा आजचा प्रश्न नाही. तेथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी जो प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार आपण करू या.

पुढील प्रसंग कोणा एका कुटुंबाचा नाही. असे अनेकदा घडते म्हणून आम्ही तो उदाहरणादाखल मांडत आहोत. चार जोडपी रात्रीच्या विमानाने निघून पहाटे बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरतात. रात्रभर कोणाचा डोळा लागलेला नाही. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. हॉटेलवर पोहोचल्यावर कळते की खोल्या दुपारी दोनला मिळणार आहेत. बॅगा एका कोपऱ्यात ठेवून सगळे सोफ्यावर बसतात. एकजण म्हणतो, वेळ कशाला घालवायचा, चला बाजारात. दुसऱ्याला वाट फो मंदिरातली शेहेचाळीस मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती आजच पाहायची आहे. एका बाईचे गुडघे सुजले आहेत, पण ती बोलत नाही. तिचा नवराच परस्पर सांगून टाकतो, "आमचं काही नाही, तुम्ही ठरवाल तसं." सायंकाळी चाओ फ्राया नदीवर बोटीतल्या जेवणाचा बेत निघतो. हा खर्च आधी ठरलेल्या पैशांच्या बाहेरचा. चारांपैकी तिघांना तो सहज झेपतो. चौथ्याने सहलीचे पैसेच हप्त्याहप्त्याने भरले आहेत. तो मनातल्या मनात भाताचे रुपये करतो आणि म्हणतो, "तुम्ही जा, माझं पोट जरा बिघडलंय." त्याची पत्नी त्याच्याकडे पाहते आणि गप्प राहते. बाकीचे सहा जण निघून जातात.

आता सांगा, येथे कोणाचे चुकले? कोणी कोणाला अपशब्द बोलले नाही, कोणी कोणाचे पैसे बुडवले नाहीत. सर्वांना विचारले होते आणि बहुतेकांच्या मताने ठरले. तरीही एका सज्जन माणसाला आपल्या मित्रांपुढे खोटे बोलावे लागले आणि दोघांना परमुलखातली पहिली संध्याकाळ खोलीत बसून काढावी लागली.

याचे कारण आमच्या मते असे आहे. बहुमताने निर्णय घेणे ही ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत योग्य रीत आहे. तेथे माणसे एकमेकांना ओळखत नसली तरी कारभार चालला पाहिजे. मैत्रीची रीत निराळी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल म्हणतो की जेथे मैत्री आहे तेथे न्यायाची वेगळी गरज उरत नाही, पण न्यायी माणसांना मात्र मैत्रीची गरज असतेच. न्याय विचारतो, प्रत्येकाला समान मत मिळाले का? मैत्री त्यापुढे जाऊन विचारते, जो गप्प राहिला तो का गप्प राहिला? तीन विरुद्ध एक हा हिशेब न्यायाच्या वहीत बरोबर असेल. मित्रांच्या वहीत तो अपुरा आहे. अॅरिस्टॉटलने एका म्हणीचाही उल्लेख केला आहे: बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपणही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतो. वर्षानुवर्षे चहाच्या टपरीवर भेटणारे मित्र एकमेकांचा हसरा चेहरा ओळखतात. एकमेकांचे गुडघे आणि पाकीट प्रवासातच कळते, आणि तेही बहुधा पहिल्याच दिवशी.

पवित्र शास्त्रात एक प्रसंग आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात याकोब आणि एसाव हे भाऊ अनेक वर्षांनी भेटतात. एसाव म्हणतो, चल, आता बरोबरच जाऊ. त्याच्याबरोबर चारशे धडधाकट माणसे आहेत. याकोबाबरोबर लहान मुले आहेत, दूध पाजणारी मेंढरे आणि गाई आहेत, आणि तो स्वतः आदल्या रात्रीच्या झुंजीमुळे लंगडतो आहे. तो एसावाला नम्रपणे सांगतो की एक दिवस जरी यांना नेटाने हाकले तरी सारा कळप मरून जाईल. तुम्ही पुढे व्हा, मी जनावरांच्या आणि लेकरांच्या चालीने सावकाश येतो. पुढे याकोब एसावाकडे न जाता सुक्कोथला गेला, ती गोष्ट निराळी. पण ज्याने आयुष्यभर गुरे राखली, त्याला एका दिवसाच्या घाईने काय होते हे पक्के ठाऊक होते. आपल्यातल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांनाही हे सांगायला नको.

याकोबाच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. त्याने आपली अडचण उघड सांगितली; पोट बिघडल्याचे निमित्त केले नाही. आणि त्याने एसावाला अडवूनही धरले नाही. म्हणून कोणी म्हणेल, "एकाचे पाय दुखतात म्हणून सगळ्यांनी खोलीत बसायचे का? त्यांनीही पैसे भरलेत," तर त्याचे म्हणणे खोटे नाही. सगळ्यांनी सगळीकडे बरोबर जावे असा काही नियम नाही. दोघे बाजारात गेले, दोघे झाडाखाली बसले, तरी मैत्री मोडत नाही. फक्त मागे राहणाऱ्याला लाज वाटू नये, आणि तो एकटा पडू नये. बोटीतले जेवण उद्यावर टाकून पहिल्या रात्री आठही जणांनी रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत भात खाल्ला असता, तर कोणाचे काय बिघडले असते?

संत पौलाला हाच प्रश्न करिंथमध्ये भेटला. करिंथ हे मोठे बंदर, परक्यांनी भरलेले शहर. आपण तेथे अशक्तपणे, भीत आणि कापत आलो, असे पौलाने स्वतःच पुढे लिहिले. तेथे त्याला एक जोडपे भेटले, अक्विला आणि प्रिस्किल्ला. तेही परदेशातच होते. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिल्यामुळे इटलीहून आलेले. त्यांचा आणि पौलाचा धंदा एकच, तंबू बनवण्याचा. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले आणि तिघे बरोबर काम करू लागले. पुढे तिघांनी एकाच जहाजातून इफिसपर्यंत प्रवास केला. तेथे अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याच्या शिकवणुकीत काही उणीव दिसली, तेव्हा या नवरा-बायकोने त्याला चारचौघांत न टोकता बाजूला नेऊन नीट समजावून सांगितले. नव्या करारात या दोघांची नावे सहा ठिकाणी येतात, सहाही वेळा जोडीनेच, आणि त्यांपैकी चार वेळा प्रिस्किल्लाचे नाव आधी येते. "आमचं काही नाही" असे बायकोच्या वतीने परस्पर बोलणाऱ्या नवऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी तिला विचारावे.

याच करिंथच्या ख्रिस्तसभेत पुढे तक्रार उठली. प्रभुभोजनासाठी लोक जमत, पण ज्यांच्याकडे भरपूर होते ते आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल अत्यंत कडक शब्दांत लिहितो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो. आणि त्यावर तो सांगतो तो उपाय किती साधा आहे! जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. ज्या अध्यायात ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेचे शब्द आपल्याला मिळाले, त्याच अध्यायात ही थांबण्याची आज्ञा आहे. म्हणून शेवटच्या माणसासाठी थांबणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. मिस्साबलीच्या मेजापासून ती वेगळी काढता येत नाही.

आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ साली संसारी माणसांसाठी भक्तिमार्गावर पुस्तक लिहिले. त्यात ते म्हणतात की सपाट वाटेने चालणाऱ्यांना एकमेकांचा हात धरावा लागत नाही, पण खडबडीत आणि निसरड्या वाटेवर माणसे हात धरूनच सुरक्षित चालतात; संसारात राहणाऱ्यांना म्हणूनच चांगल्या मैत्रीची गरज आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. घरून निघण्यापूर्वीच वरखर्चाचा आकडा ठरवा, आणि ज्याचे उत्पन्न सर्वांत कमी त्याला आधी बोलू द्या. पहिला दिवस मोकळा ठेवा. ज्याला झेपत नाही त्याने खरे सांगावे. मित्राला खरे न सांगणे म्हणजे त्याला थांबण्याची संधीच नाकारणे आहे. दुसऱ्याने गुपचूप पैसे भरून उपकाराचे ओझे लादू नये. आणि रविवार आला तर मिस्सा चुकवू नका. बँकॉकमध्येही आपले कॅथेड्रल आहे, मरियेच्या स्वर्गोन्नयनाला वाहिलेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथे तरुणांसाठी मिस्सा अर्पण केली होती. भाषा कळली नाही तरी शांतीची देवाणघेवाण कळते.

आपल्यातल्या बहुतेकांना परदेशाचे विमान कधी पाहायला मिळणार नाही. तरी हा प्रश्न आपल्याही दारात आहे. वेलंकणीच्या बसमध्ये कोण मागच्या बाकावर बसतो? पॅट्रन सेंटच्या सणाची वर्गणी ठरवताना ज्याच्या कांद्याला यंदा भाव मिळाला नाही तो कोपऱ्यात का उभा असतो? लग्नात आहेराची यादी मोठ्याने वाचली जाते तेव्हा कोण लवकर निघून जातो? सभेत हात वर करून सगळे मंजूर झाले, म्हणजे सगळ्यांना ते झेपले असे होत नाही. येत्या आठवड्यात आपल्या गटात, मंडळात किंवा घरात काही ठरवायचे असेल, तर "सगळ्यांना चालेल ना?" एवढेच विचारून थांबू नका. जो गप्प आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला वेगळे विचारा.

अम्माऊसच्या वाटेवर दोन थकलेल्या शिष्यांच्या चालीने चालणारा प्रभू येशू तुमच्या सर्व प्रवासांत तुमच्यासोबत असो.

तुमचे धर्मगुरू