सुशी रोल आणि आहारशुद्धीचा प्रश्न

व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेल्या चिकट भाताचा थर नोरी नावाच्या समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यावर पसरायचा, मध्ये काकडी, गाजर किंवा मासा ठेवायचा, बांबूच्या चटईवर गुंडाळी करून तिचे तुकडे कापायचे. असा हा जपानी सुशी रोल. मराठी घरात तो करायला घेतला की पहिला आक्षेप येतो तो ‘हे आपले नव्हे’ असा. आहाराच्या शुद्धाशुद्धतेचा भारतात जो दीर्घ विचार झाला, त्याच्या कसोटीवर हा आक्षेप सर्वांत दुबळा ठरतो. पदार्थ कशाचा, कोणाच्या हातचा, त्यात काय पडले आणि तो केव्हाचा, हे प्रश्न त्या विचारात वारंवार येतात. तो कोणत्या देशाचा, हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

या विचाराचे मूळ छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सापडते. सनत्कुमार नारदाला सांगतात की आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते आणि त्यातून स्मृती स्थिरावते. रामानुजाचार्यांनी आहार म्हणजे अन्न असाच सरळ अर्थ घेतला आणि अन्नाचे तीन दोष मानले : जातिदोष म्हणजे पदार्थाच्या स्वभावातला, आश्रयदोष म्हणजे तो ज्याच्याकडून येतो त्याच्यामुळे लागणारा, आणि निमित्तदोष म्हणजे केस, किडा, उष्टे अशा कारणाने येणारा. शंकराचार्यांनी मात्र इंद्रिये जे जे आत घेतात ते सर्व आहार मानले. शुद्धी म्हणजे राग, द्वेष आणि मोह यांच्या मळापासून सुटलेले ग्रहण. या अर्थाने पाहिले तर परदेशी म्हणून सुशीकडे धावणे आणि परदेशी म्हणून नाक मुरडणे, दोन्ही सारखेच अशुद्ध.

जुन्नर तालुक्यातील येडगाव परिसरात हे सगळे प्रश्न एकाच स्वयंपाकघरात भेटू शकतात. कुकडीवरच्या येडगाव धरणाच्या जलाशयाकाठी ओझरचा विघ्नहर गणपती आहे. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार जवळ असल्याने काकडी, ढोबळी मिरची, गाजर यांची वाण नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडे, नाणेघाटाच्या बाजूला, भातखाचरे आहेत. सुशीला लागणारा आखूड, चिकट जपानी तांदूळ नसला तरी आंबेमोहराच्या वंशातला इंद्रायणी ते काम बऱ्यापैकी करतो. तो मऊ शिजतो आणि दाबला की धरून राहतो. बासमतीचा रोल मात्र चटई सोडताच विस्कटतो.

जातिदोषाचा निर्णय सारणावर आणि वेष्टनावर ठरतो. भात आणि काकडी एरवी कोणालाच वर्ज्य नाहीत. माळकऱ्याला मासा चालत नाही, तेथे प्रश्न संपतो. जैन आचारात कंदमुळे अनंतकाय म्हणून टाळली जातात, त्यामुळे गाजर आणि सुशीसोबतचे आल्याचे लोणचे बाद होते. शेवाळही त्याच वर्गात मोडत असल्याने नोरीही जाते, आणि रोल काकडीच्या लांब, पातळ कापांत गुंडाळावा लागतो. मुस्लिम घरात खवले असलेला मासा सर्व पंथांना मान्य आहे, त्याला जबिहाची, म्हणजे विधिपूर्वक कापण्याची, अट नाही. व्हिनेगरही चालते. अडते ती जपानी स्वयंपाकातली मिरिन, कारण ती गोड दारू आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायातील त्रिविध आहारात फार तिखट, फार आंबट, जिभेला झोंबणारे ते राजस ठरते. सुशीसोबतची झणझणीत वासाबी त्यात सरळ बसते. पण मग जुन्नरकडचा मिरचीचा खर्डाही त्याच पंगतीत बसवावा लागेल, हे विसरून चालणार नाही.

माशाबाबत धर्माआधी आरोग्याचा नियम येतो. सुशीचा उगम समुद्रकाठचा नाही. गोड्या पाण्यातला मासा मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने मुरवायच्या पद्धतीतून ती निघाली. जपानमधील बिवा सरोवराकाठी फुनाझुशी आजही अशीच करतात. तो मासा कार्प कुळातला, आणि महाराष्ट्रातील जलाशयांत सोडले जाणारे रोहू, कटला, मृगळ हेही त्याच कुळातले. एवढ्या साम्यावर धरणातला ताजा मासा कच्चाच रोलमध्ये घालणे मात्र धोक्याचे. गोड्या पाण्यातील माशांत माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात आणि व्हिनेगरने ते मरतीलच असे नाही. असा मासा पूर्ण शिजवून किंवा तळूनच वापरावा.

आश्रयदोष हा इतिहासाने सर्वांत भारलेला भाग. स्मृतिग्रंथांत कोणाचे अन्न घेऊ नये याच्या लांबलचक याद्या आहेत, आणि त्या याद्यांनी शुद्धीपेक्षा जातिभेदाचीच राखण अधिक केली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा-बिस्किटे घेतली, गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि प्रकरण तेव्हाच्या शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. तेव्हा खटकले होते ते ख्रिस्ती मिशनमधले खाणेपिणे. ते पदार्थ इंग्रजी वळणाचे आहेत, हा वादाचा मुद्दा नव्हता. आज त्याच चहावाचून कोणाची सकाळ होत नाही.

जुन्नरकडे याहून फार जुना आणि नेमका उलटा दाखला आहे. शिवनेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे परक्या माणसाने, बौद्ध संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद त्यात आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा उल्लेख आहे. हे लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतले. नाणेघाटातून कल्याण आणि सोपाऱ्याकडे जाणारा व्यापारी मार्ग तेव्हा भरात होता. म्हणजे येडगावपासून काही कोसांवर, परक्या माणसाने दिलेल्या सभागृहात भिक्षू जेवत होते आणि परक्यानेच खोदवलेल्या टाक्यांतले पाणी पीत होते. परक्याचा हात लागला म्हणून त्यांचा धर्म बुडाला नाही.

भिक्षूंचा विचारच वेगळा होता. पात्रात पडेल ते घ्यायचे. मासा असला तर तो आपल्यासाठी मारलेला पाहिलेला, ऐकलेला वा संशयास्पद नसावा, एवढी अट. देवदत्त या भिक्षूने मत्स्य-मांस सर्वांसाठी बंद करण्याची मागणी केली तेव्हा बुद्धाने ती नाकारली. मात्र एका गोष्टीत विनय, म्हणजे भिक्षूंची नियमावली, कडक होता : मिळालेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवायचे नाही. या नियमात जपानची जुनी, महिनोन्‌महिने मुरवलेली सुशी साठवून ठेवणे बसत नाही. एडो शहरात १८२० च्या दशकात रूढ झालेली, हाताने वळून लगेच खायची सुशी बसते. घरचा रोलही बसतो. पुढे जपानच्या झेन मठांत शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा वाढली. दोगेन या आचार्याने १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तांदूळ निवडण्या-धुण्याच्या कामाला साधनेची प्रतिष्ठा दिली.

काळाचा हा प्रश्नच सुशीच्या बाबतीत खरा कठीण आहे. गीतेने रात्र उलटलेले, नासका वास येणारे अन्न तामस ठरवले. तिथल्या ‘यातयाम’ शब्दाचा अर्थ काही जण शिजून प्रहर, म्हणजे तीन तास, उलटलेले असा घेतात. शंकराचार्य अर्धवट शिजलेले असा घेतात. मनुस्मृतीने आंबलेले पदार्थ वर्ज्य केले, पण दही व त्यापासूनचे पदार्थ आणि फुले, मुळे, फळे यांपासून केलेले आंबट पदार्थ वगळले. तांदळाचे व्हिनेगर या सवलतीत बसवणे अवघड आहे. लिंबाचा रस मात्र निर्वेध चालतो. इथे शास्त्र आणि प्रयोगशाळा यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू तगून राहतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. भाताचा सामू (pH) ४.६ किंवा त्याहून खाली आणला की ही वाढ रोखली जाते, म्हणूनच सुशीच्या दुकानांत आंबट भात बाहेर ठेवता येतो. स्मृतीला जो आंबटपणा संशयास्पद, तोच जंतुशास्त्राला संरक्षक. घरात सामू कोणी मोजत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर भात कडक होतो. त्यामुळे रोल केल्यावर काही तासांत संपवणे दोन्ही हिशेबांनी योग्य.

उरतो निमित्तदोष, आणि तो हाताशी जोडलेला आहे. मराठी स्वयंपाकघरात शिजलेला भात खरकटा. त्याचा हात दुसऱ्या डब्याला लागू नये म्हणून मध्ये पाणी लावायचे. सुशी करणाराही व्हिनेगरच्या पाण्यात हात बुडवत राहतो, कारण कोरड्या हाताला भात चिकटतो. उकडीचे मोदक वळणाऱ्या हाताला यात नवे काही शिकावे लागत नाही. घरात माळकरी आणि मासे खाणारे दोघेही असतील तर आधी भाज्यांचे रोल करून बाजूला ठेवावेत. चटई, पाट आणि सुरी त्यानंतर माशाला लावावी.

ओझरच्या परिसरात शेवटचा प्रश्न नैवेद्याचा निघतो. संकष्टीच्या उपवासाला तांदूळ चालत नाही, त्यामुळे दिवसा खायचाच तर भगरीचा रोल करावा लागतो. भगर चिकट शिजवली तर तो जमतो. चंद्रोदयानंतर भाताला अडचण नाही. नैवेद्याला कांदा-लसूण नको, मासा अर्थातच नको, व्हिनेगरऐवजी लिंबू बरे. नोरीचा निर्णय घराघराच्या आचारावर राहील. खरी अडचण चवीची आहे. सुशीचा भात करणारा तो चाखत चाखत जुळवतो, आणि चाखलेले अन्न उष्टे म्हणून देवापुढे ठेवता येत नाही. त्यामुळे इथे अंदाजावर न जाता माप पाळावे : दोन वाट्या इंद्रायणीला अर्धा तास भिजवल्यावर साधारण सव्वादोन वाट्या पाणी, आणि शिजलेल्या भाताला चार मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. मिश्रण भात गरम असताना हलक्या हाताने कालवावे आणि तो कोमट झाला की नोरीवर पसरावा, पलीकडच्या कडेला दोन बोटे जागा सोडून.