पटावरचे बलिदान आणि अठराव्या अध्यायातला त्याग

बुद्धिबळाच्या इंजिनाची ताकद जोखण्याची एक जुनी रीत आहे. एखाद्या गाजलेल्या डावातली हल्ल्याची स्थिती मांडायची, ठरावीक वेळ द्यायचा आणि मूळ खेळाडूची चाल त्याला सापडते का ते पाहायचे. १९८२मध्ये ब्रात्को आणि कोपेक यांनी केलेली २४ स्थितींची चाचणीही ठरावीक वेळेत योग्य चाल सापडते का, हेच पाहते. पण गाजलेल्या डावांच्या रीतीत एक खोट आहे. गाजलेली चाल बरोबरच असते असे नाही.

लंडनला १८५१मध्ये किझेरित्स्कीविरुद्धच्या डावात अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर देऊन मात केली. हा डाव ‘अमर’ ठरला. आजचे इंजिन मात्र त्यातल्या अठराव्या चालीला, उंट पुढे घालून हत्ती उघडे टाकण्याला, पहिली पसंती देत नाही; त्याला साध्या, शांत चाली अधिक भक्कम दिसतात. मॉस्कोत १९६०मध्ये झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात ताल याने बोटविन्निकविरुद्ध दिलेल्या घोड्याचीही नंतर अशीच चिरफाड झाली. मग परीक्षा कोणाची झाली, इंजिनाची की उस्तादाची?

श्पीलमान या खेळाडूने बलिदानाचे दोन प्रकार मानले. ज्याचा परतावा मोजता येतो ते नावापुरते. ज्याचा शेवट दिसत नाही ते खरे. पहिला प्रकार म्हणजे रोकडा व्यवहार, उधारीसुद्धा नव्हे. या कसोटीवर यंत्र कायम व्यवहारीच ठरेल असे पूर्वी वाटे. पण २०१७मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरोने मोहरी देऊन दूरच्या, न मोजलेल्या दबावावर डाव जिंकून दाखवले. म्हणजे फळ न दिसता देणे यंत्रालाही जमते. भेद गणितात नसेल, तर तो दुसरीकडे शोधावा लागतो; त्यागाचाच विचार करणाऱ्या एका जुन्या ग्रंथात तो सापडतो का पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली.  टीकेचा अठरावा अध्याय त्यागाची चर्चा करतो. मूळ गीतेत त्यागाचे तीन प्रकार आहेत: मोहाने केलेला तामस, कष्टाच्या भीतीने केलेला राजस आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत असतानाच आसक्ती व फळ सोडणारा सात्त्विक. इथे काय दिले किंवा ते लाभले का, याला महत्त्व नाही. देणाऱ्याची वृत्ती पाहिली जाते.

ही फूटपट्टी लावली तर अँडरसनची पंचाईत होते. त्याने वजीर दिला तो मात करण्यासाठी. फळाची इच्छा तर उघडच आहे. त्यामुळे तो त्याग नव्हे, फार तर धाडस. इंजिनाला फळाची इच्छा नाही, पराभवाचे भयही नाही. मग ते निष्काम कर्मयोगी म्हणायचे का? तसे म्हणणे म्हणजे ज्याला भूकच नाही त्याचा उपास मोजणे. सोडण्यासाठी आधी आसक्ती असावी लागते. इंजिनापाशी ती नाही, म्हणून त्याच्या चालीला त्यागाचे कोणतेच नाव लागू होत नाही, सात्त्विकही नाही आणि तामसही.

त्याच अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. तालच्या त्या डावात प्रेक्षकांचा गलका इतका वाढला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. बोटविन्निकपुढे पटाबरोबरच घड्याळही होते. पटाबाहेरचे हे सारे म्हणजे त्या डावातले दैवच. इंजिनाला दिलेल्या स्थितीत फक्त मोहरी असतात, हे पाचवे कारण तिच्यात मांडताच येत नाही. म्हणून चाल चुकीची ठरवणारे इंजिन पटापुरते बरोबर असते. पण त्या दिवशी मॉस्कोत ती चाल का जिंकली, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.