लघुतम लांबी आणि धावता निरीक्षक

भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकाल यांनी १९९६ साली ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकात पुंज-गुरुत्वाकर्षणावरचा विडंबनलेख गंभीर म्हणून छापून आणला. त्या प्रकरणाची आठवण बहुधा समीक्षेची नामुष्की म्हणूनच काढली जाते. परंतु ज्या विषयाची त्यांनी थट्टेसाठी निवड केली, त्यात ‘निरीक्षकसापेक्ष’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न खराखुरा आहे. संहितेचा अर्थ वाचकागणिक बदलतो, असे म्हणताना आइन्स्टाइनचा हवाला देणाऱ्यांना तो टाळता येत नाही.

विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार (१९०५) गतिमान वस्तूची लांबी गतीच्या दिशेने आखूड भरते. प्रकाशवेगाच्या सुमारे ८७ टक्के वेगाला ती निम्मी होते. उलटपक्षी, पुंज-गुरुत्वाकर्षणाचे अनेक सिद्धांत लांबीला एक किमान मर्यादा मानतात. ही मर्यादा प्लांक-लांबीच्या आसपासची, म्हणजे मीटरच्या परिमाणात दशांशचिन्हानंतर ३४ शून्ये देऊन १६ लिहावे इतकी. मग वेगाने धावणाऱ्या निरीक्षकाला ही लघुतम लांबीही निम्मी भरेल काय? भरली तर ती लघुतम नव्हे. न भरली तर सर्व निरीक्षकांना निसर्गनियम समान, हे सापेक्षतेचे मूळ तत्त्वच ढळते.

कार्लो रोव्हेली आणि सिमोने स्पेझियाले यांनी २००२ साली या पेचाचे जे उत्तर दिले, त्याचे मर्म एका जुन्या प्रयोगातून कळू शकते. श्टेर्न आणि गेरलाख यांनी १९२२ साली चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकक्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरला नाही, दुभंगला. त्यांतील वर वळलेले अणू वेगळे काढून ६० अंशांनी कललेल्या दुसऱ्या चुंबकातून सोडले, तर भूमितीच्या हिशेबाने निम्मे मूल्य मिळावयास हवे. ते कधीच मिळत नाही. मूल्ये तीच दोन राहतात. चारांतील तीन अणू एकीकडे, एक दुसरीकडे. निम्मी होते ती केवळ सरासरी.

लांबीचेही तसेच, असे या दोघांचे प्रतिपादन आहे. (त्यांचे गणित वस्तुतः क्षेत्रफळाचे आहे.) लघुतम लांबी हा वस्तूने अंगावर वागवलेला गुणधर्म नव्हे, मापनातून निघू शकणाऱ्या मूल्यांपैकी ते सर्वांत लहान. मूल्यांची यादी स्थिर आणि धावत्या निरीक्षकाला सारखीच. कोणते मूल्य किती संभाव्यतेने येईल, एवढेच वेगासरशी बदलते. आकुंचन घडते ते सरासरीत. शिवाय एका निरीक्षकाला लांबी निश्चित सापडली, तर दुसऱ्यासाठी ती सामान्यतः अनिश्चित उरते. दोघांच्या मापनांमागे एकच ‘खरी’ लांबी दडलेली आहे, या समजुतीतूनच पेच जन्मला होता.

या मांडणीला प्रयोगाचा आधार अद्याप लाभलेला नाही, आणि ती ज्या सिद्धांतावर उभी आहे तोही सर्वमान्य नाही. तरीही तिच्यात निरीक्षकाला मिळालेले स्थान लक्षणीय आहे. कोणतेही मूल्य आपल्या मर्जीने काढण्याची मुभा त्याला नाही. यादी त्याने केलेली नाही, आणि एका निरीक्षकाच्या वर्णनावरून दुसऱ्याचे वर्णन काढण्याचा नियमही ठरलेला आहे. वाचकसापेक्षतेचा पुरस्कार करणाऱ्या समीक्षेने एका वाचकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा असा नियम अजून मांडलेला नाही. तो मांडता येईल काय, हेही तिने फारसे विचारलेले नाही.