पदकाची साक्ष

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जुनी पेटी आवरतांना रुप्याचें एक पदक हातीं लागलें. एका बाजूस तरुण व्हिक्टोरिया राणीचें मुख, दुसऱ्या बाजूस हातीं पुष्पहार घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, तिच्या मागें सिंह, आणि खालीं '१८५७-१८५८' हे आंकडे. वरच्या पट्टीवर 'सेंट्रल इंडिया' अशीं अक्षरें होतीं. कडेवरचीं अक्षरें मात्र झिजून गेलीं होतीं. घराण्यांतील कोणी पूर्वज मुंबईच्या देशी पलटणींत शिपाई होते व सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर झांशीपर्यंत गेले होते, एवढीच आठवण घरांत उरली होती. स्नेह्यांच्या कन्येनें तें हातांत घेऊन विचारलें, "बाबा, हें आपण भिंतीवर लावायचें, कीं परत पेटींत टाकायचें?" त्यांस उत्तर सुचलें नाहीं, व त्यांनीं तो प्रश्न आम्हांपुढें ठेवला.

प्रश्न दिसतो तितका घरगुती नाहीं. पदक साक्ष देतें ती कशाची? धारण करणाऱ्याच्या गुणांची, ज्या कार्यासाठीं तें मिळालें त्या कार्याच्या न्याय्यतेची, कीं देणाऱ्याच्या गरजेची? आपल्या माणसाविषयीं विचार करूं लागलें कीं मन एका बाजूस कलतें. म्हणून हेंच पदक मिळविणाऱ्या एका परक्या माणसाचें चरित्र आम्ही प्रथम विचारार्थ घेतों.

रिचर्ड व्हिकर्स बॉइल हा १८२२ सालीं डब्लिन येथें जन्मलेला इंजिनियर १८५३ सालीं ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानांत आला. त्याच वर्षीं लॉर्ड डलहौसीनें आपल्या प्रसिद्ध टिपणांत रेल्वेचे जे लाभ सांगितले, त्यांत फौजेची जलद हालचाल हा एक प्रमुख लाभ होता. बॉइलची नेमणूक बिहारांत, पाटणा व आरा या भागांत झाली. १८५७ च्या उन्हाळ्यांत उठावाच्या वार्ता येऊं लागतांच या गृहस्थानें आपल्या आवारांतील एका लहान दुमजली इमारतीच्या कमानी विटांनीं चिणून घेतल्या व आंत धान्य-दारूगोळ्याचा सांठा केला. या इमारतींत पूर्वीं बिलियर्ड खेळत असत. त्यामुळें तिचा किल्ला होत असलेला पाहून शेजारचे युरोपियन त्यास हंसले. परंतु भार येण्यापूर्वींच तो ओळखणें हाच इंजिनियराचा धर्म होय, आणि तो त्यानें पाळला.

२५ जुलै रोजीं दानापुरच्या तीन देशी पलटणी उठल्या व शोणनद उतरून आऱ्यास आल्या. जगदीशपुरचे वृद्ध जमीनदार कुंवरसिंह त्यांचे नायक झाले. बॉइलच्या त्या इमारतींत अठरा मुलकी मंडळी व पन्नास शीख शिपाई जाऊन बसले होते. वेढा आठ दिवस चालला. बॉइलच्याच राहत्या बंगल्याच्या गच्चीवर वेढा घालणारांनीं तोफ चढविली. मिरच्या जाळून आंतल्यांस गुदमरविण्याचा यत्न केला. खालून सुरुंग खणला. आंतल्यांनीं प्रतिसुरुंग खणला, आणि पाणी संपत आलें तेव्हां शिखांनीं इमारतीच्या आंतच विहीर खोदून पाणी काढलें. त्यांस फितविण्याचे प्रयत्नहि निष्फळ झाले. दानापुराहून निघालेली सुमारें चारशें लोकांची कुमक वाटेंतच छाप्यांत सांपडून माघारीं गेली. अखेर ३ ऑगस्ट रोजीं मेजर व्हिन्सेंट एअर यानें वेढा उठविला, व पुढें जगदीशपुरावर चालून जाऊन तेथील वाडा व कुंवरसिंहानें बांधविलेलें देवालय उद्ध्वस्त केलें.

बॉइल यास उठावाचें पदक व आऱ्याजवळ इनाम जमीन मिळाली. १८६९ सालीं 'स्टार ऑफ इंडिया' मालिकेंतील सी. एस. आय. हा बहुमानहि मिळाला. पदकाच्या पट्ट्या पांचच होत्या: दिल्ली, लखनौच्या तीन व मध्य हिंदुस्थान. आऱ्याची पट्टी निघालीच नाहीं.

आतां या हकीकतीचें मूल्यमापन कसें करावें? एक पक्ष म्हणेल, शौर्य तें शौर्य. तें कोणत्या बाजूचें हें पाहूं नये. दुसरा म्हणेल, ज्या राज्यास राहण्याचा अधिकार नव्हता त्याच्या रक्षणार्थ दाखविलेलें शौर्य शून्यवत् होय. आमच्या मतें दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. धारकाचा हेतु व दात्याचा हेतु हे दोन निरनिराळे असतात, आणि पदक त्या दोहोंस एकाच मुद्रेंत ओतून टाकतें. बॉइलनें विटा रचल्या तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें स्वतःचा व सोबत्यांचा जीव असला पाहिजे. जीव वांचविण्याची ती खटपट निंद्य म्हणवत नाहीं. परंतु सरकारनें पदक दिलें तें कांहीं अडुसष्ट जीव वांचले म्हणून नव्हे, राज्य वांचलें म्हणून. आणि आठ दिवसांच्या पदकाला कोणी पूर्वीचा धनी नसतो, इनाम जमिनीला मात्र असतो, हेंहि विसरून चालणार नाहीं.

दात्याची दृष्टि किती आंखूड असते हें त्याच आऱ्याच्या परिसरांत दिसतें. फसलेल्या कुमकेंत असलेल्या मॅंगल्स व मॅकडोनेल या दोघां मुलकी अधिकाऱ्यांस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्याकरितां सनदेची मर्यादा सैनिकांपलीकडे वाढविण्यांत आली. एकानें जखमी सोल्जरास पाठीवर घेऊन मैलोगणती वाट तुडविली होती, दुसऱ्यानें गोळ्यांच्या वर्षावांत नावेबाहेर चढून सुकाणूच्या दोऱ्या कापल्या होत्या. त्यांचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. पण हिंदी शिपायास तें पदक १९११ सालापर्यंत नियमानेंच बंद होतें. मुलकी गोऱ्यासाठीं जी सनद लवकरच रुंदावली, ती हिंदी शिपायासाठीं रुंदावण्यास अर्धें शतक लागलें. विहीर खोदणारे हात त्या सनदेच्या बाहेर राहिले. पुढें इंजिनियर व सैनिक ही दुहेरी भूमिका रिवाजाचीच झाली. रेल्वेच्या गोऱ्या नोकरांच्या स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या, १८९४ सालीं हिंदुस्थान व वसाहतींतील अशा अधिकाऱ्यांकरितां निराळें पदक निघालें, आणि हिंदी लोकांसहि स्वयंसेवक होऊं द्यावें अशी मागणी कॉंग्रेसला १८८६ सालींच ठराव करून करावी लागली. सेवा करण्याची मुभाच जेथें वर्ण पाहून मिळे, तेथें सेवेचें पदक वर्ण न पाहतां कसें मिळणार?

बॉइलच्या चरित्राचा उत्तरभाग या प्रश्नावर अधिक प्रकाश पाडतो. १८७२ पासून १८७७ पर्यंत तो जपान सरकारच्या रेल्वेचा मुख्य इंजिनियर होता. तोक्यो व क्योतो यांस जोडणारा लोहमार्ग डोंगरांतील नाकासेंदो या जुन्या रस्त्यानें न्यावा अशी शिफारस त्यानें पाहणी करून केली. माणूस तोच, विद्या तीच, सांखळी व दुर्बीण तींच. परंतु जपानांत तो राज्यकर्त्यांचा प्रतिनिधि नसून त्या देशाचा पगारी सल्लागार होता. करार संपतांच त्यानें जावें आणि त्याची विद्या आपल्या मुलांनीं शिकून घ्यावी, हें मालकांनीं ठरविलेलें होतें, व थोड्याच वर्षांत जपानी इंजिनियर ती कामें स्वतः करूं लागले. तेथें कोणास त्याच्या विरुद्ध घर वेढावें लागलें नाहीं, त्यालाहि कमानी चिणाव्या लागल्या नाहींत. इंजिनाचें बळ इंजिनांत असतें, पण तें कोठें जाणार हें आधींच घातलेले रूळ ठरवितात. माणसाच्या गुणांचेंहि तसेंच आहे. गुण त्याचा स्वतःचा असतो. त्या गुणाचा नैतिक अर्थ मात्र तो कोणाच्या रुळावर धांवला यावरून ठरतो. पदक बळाची साक्ष देतें, रुळाविषयीं तें मौन पाळतें.

आणि कांहीं बळाविषयींहि तें मौनच पाळतें. आऱ्यापासून थोड्याच अंतरावर कोइलवर येथें शोणनदावरील रेल्वेचा पूल आहे. १८५६ सालीं सुरू झालेलें हें काम उठावामुळें खोळंबलें व १८६२ सालीं पुरें झालें. त्या वाळूच्या पात्रांत पाया शोधीत उतरलेल्या मजुरांच्या छातीवर कोणतेंहि पदक नव्हतें. राज्य गेलें, पदकें पेट्यांत गेलीं, आणि पूल अद्याप गाड्या पेलतो आहे. ज्या कुंवरसिंहास त्या वेळीं बंडखोर म्हटलें, त्यांचें टपाल-तिकीट स्वतंत्र भारतानें १९६६ सालीं काढलें. आऱ्याच्या विद्यापीठासहि आज त्यांचेंच नांव आहे. दाता बदलला कीं मान बदलतो. पेलण्याचें काम मात्र कोणत्याहि राज्यांत तेंच राहतें.

आतां स्नेह्यांच्या पदकाकडे वळूं. झांशीपुढें उभा राहिलेला तो शिपाई पोटासाठीं पलटणींत शिरला असेल. मध्य हिंदुस्थानच्या कडक उन्हांत त्यानें जें सोसलें तें खरें होतें. त्याच्या समोर कोण होतें हेंहि तितकेंच खरें आहे. पदक भिंतीवर एकटें टांगलें तर दुसरें सत्य झांकलें जातें. पेटींत लपविलें तर पहिलें. म्हणून आम्ही त्यांस सुचविलें कीं, पदक अवश्य ठेवावें, पण त्याच्या शेजारीं त्याची हकीकत लिहून ठेवावी: हा कोण होता, कोणाच्या पगारावर होता, कोणाविरुद्ध लढला, आणि त्याच्या बरोबरीनें राबलेल्या कोणांस कांहींच मिळालें नाहीं. पूर्वजांच्या कृत्याचा दोष नातवंडांच्या माथीं येत नाहीं. परंतु त्यांच्या पदकाचें तेजहि नातवंडांस हकीकत टाळून घेतां येत नाहीं.

हीच कसोटी आजच्या पदकांसहि लागू आहे. आतां पदकें देणारे आपणच आहों. एखाद्याचा सत्कार होतो तेव्हां टाळ्या वाजविण्यापूर्वीं क्षणभर विचारावें: गुण कोणता, रूळ कोणाचा, आणि विहीर खोदणारे कोठें बसले आहेत? या तीन प्रश्नांचीं उत्तरें जेथें उघडपणें देतां येतात, तेथील पदक भिंतीवर लावण्यास कोणत्याहि मुलीला आपल्या बापास विचारण्याची गरज पडणार नाहीं.