उसवलेला धागा

हिंगोली जिल्ह्यातली थंडी थोड्या आठवड्यांची. तरीही घरकाम आटोपून दुपारी विणकामाच्या सुया हाती घेणाऱ्या भगिनी इथे आहेत. पिशवीत एकच बाही, अर्धे टोपडे, नुसती पाठ झालेला स्वेटर. घरचे विचारतात, "हे संपणार कधी?" अर्धवट काम म्हणजे मोडलेला शब्द का?

कुरआनच्या सूरह नहलमध्ये, 92 व्या आयतीत, मेहनतीने कातलेले सूत स्वतःच उसकटून टाकणाऱ्या स्त्रीचा दाखला आहे. पण तो शपथा मोडणाऱ्यांसाठी आहे. त्याचा रोख सुतावर नाही, नीयतीवर आहे. नक्षी चुकली म्हणून विणणारी दहा ओळी उसवते आणि तीच लोकर पुन्हा सुयांवर घेते. हे उसवणे म्हणजे कामाशी इमान राखणे होय.

स्वतःच्या आनंदासाठी घेतलेले विणकाम वर्षभर पडून राहिले, तर कोणाचा हक्क बुडत नाही. मात्र शेजारणीच्या बाळासाठी कबूल केलेले टोपडे पुढच्या हिवाळ्यावर ढकलले, तर लोकर शाबूत राहते आणि शब्द उसवतो. बाळाचे माप थांबत नसते.

तेव्हा काम कधी संपणार, हे घरच्यांनी विचारू नये. ते कोणाला कबूल केले आहे, हे विणणारीने स्वतःला विचारावे.