प्रदेशाची चव आणि आस्वादकाचे दायित्व

आस्वाद्य वस्तूची प्रादेशिकता निसर्गदत्त असते की कर्तृत्वसिद्ध? जपानमधील साके या तांदळाच्या मद्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय न राहता नैतिक होतो. कोबेजवळील नादाचे पाणी जड, खनिजयुक्त. त्यात किण्वन जोमाने होऊन साके कणखर उतरते. क्योतोतील फुशिमीचे पाणी त्याहून मृदू, साकेही सौम्य. पहिल्यास ‘पुरुषी’ व दुसऱ्यास ‘स्त्रैण’ म्हणण्याचा संकेत रूढ आहे. अशा संकेतांच्या आहारी गेलेला रसिक जिभेने नव्हे, नकाशाने चव घेऊ लागतो.

हिरोशिमाचे मृदू पाणी या निर्मितीस प्रतिकूल मानले जाई. मिउरा सेन्झाबुरो यांनी १८९८ मध्ये अशा पाण्यात साके करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि उणीव हीच तेथील शैली ठरली. उलटपक्षी, मुख्यतः ह्योगोत पिकणारा यामादा-निशिकी तांदूळ देशभरचे उत्पादक वापरतात. प्रदेश आयता लाभत नाही. तो घडवावा लागतो.

१९९२ मध्ये संपुष्टात आलेल्या शासकीय श्रेणीव्यवस्थेत, परीक्षणास न पाठवलेले साके गुणवत्ता कशीही असली तरी दुय्यम ठरे. श्रेणीच्या जागी आता गावाचे नाव बसवल्यास आस्वादकाचे परावलंबन कायमच राहील. नावामागील कर्तृत्व घोटात ओळखणे, हे त्याचे दायित्व होय. प्रादेशिक साहित्याच्या समीक्षकालाही यातून सुटका नाही.